परसातील महसूल

आमच्या भिंतीपलीकडे राहणारे रावसाहेब हे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ असून, दररोज प्रातःकाळी, मुखमार्जन पुरते आटोपण्यापूर्वीच, ते भिंतीशी येऊन माझ्याविरुद्ध तोंडी फिर्याद दाखल करतात. फिर्यादीचा मजकूर ठरलेला असतो.

"मास्तर, प्रतिवादी आज तीन वाजून चाळीस मिनिटांनी ओरडला. काल तीन पंचेचाळीस होते. मी नोंद करून ठेवली आहे."

प्रतिवादी म्हणजे आमचा कोंबडा. त्याचे काही रीतसर नाव ठेवावे असा विचार घरात चालला होता. परंतु रावसाहेबांनी योजलेले हे अभिधान त्याच्या चालण्यातील डौलाला, ताठ मानेला आणि कोणत्याही आरोपाकडे एकाच डोळ्याने पाहण्याच्या त्याच्या वृत्तीला इतके शोभून दिसले, की आमच्या सौभाग्यवतीही दाणे टाकताना "या, प्रतिवादी" असेच म्हणू लागल्या.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला असता त्याने या वादात शास्त्राचा आधार पुरवला. जपानातील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा हवाला देऊन त्याने सांगितले, की कोंबड्याला आरवण्यासाठी सूर्य दिसावा लागत नाही. अखंड मंद प्रकाशात ठेवले तरी तो शरीरातील घड्याळाच्या हुकमाने आपली वेळ बरीचशी सांभाळतो, आणि उजाडण्याच्या सुमारे दोन तास आधीच पहिली बांग देऊन मोकळा होतो. रावसाहेबांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले, आणि मग निकाल दिला : "जपानातील कोंबड्याचा दाखला आमच्या पेठेला लागू होत नाही. शिवाय घड्याळ शरीरातच असेल, तर ते तासभर मागे करता येते काय, एवढे सांगा."

ते मागे करता येत नसल्यामुळे त्यांच्याच सूचनेवरून आम्ही प्रतिवादीस रात्री डालग्याखाली ठेवू लागलो. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते; आरवायचेही राहत नाही, उलट डालग्यात आवाज अधिक घुमतो, ही भर मात्र आमच्या पेठेने त्या म्हणीत घातली.

वस्तुतः कोंबडा पाळण्याचा आमचा हेतूच नव्हता. साताऱ्यास, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, वडिलार्जित घर आणि त्यामागे बऱ्यापैकी परस लाभलेल्या संस्कृतच्या निवृत्त शिक्षकाने उरलेले आयुष्य कसे घालवावे, याविषयी घरात मसलत झाली, तेव्हा सौभाग्यवतींनी परसाचा पूर्वभाग भाजीपाल्यासाठी ताब्यात घेतला आणि पश्चिमभागात मी काही तरी उपयुक्त करावे असे फर्मान काढले. मी पुष्कळ चिंतन करून कोंबड्यांचा पक्ष स्वीकारला. स्वयंपाकघरातील टाकाऊ पाला आणि बागेतील किडे कोंबड्यांनी खावेत, कोंबड्यांचे खत भाजीला मिळावे, भाजीचा पाला पुन्हा कोंबड्यांना मिळावा, आणि या अखंड प्रदक्षिणेतून मध्येच अंडी आपल्या वाट्यास यावीत, असे ते चक्र होते. कागदावर ते इतके निर्दोष फिरत होते, की त्यात पैसा घालण्याची जागा कोठे असेल हेच मला दिसेना. ती जागा पुढे सुताराने दाखवून दिली.

मार्गशीर्षातल्या एका बाजारी मी सहा गावरान तलंगा घेतल्या. त्यांपैकी एकीचा तुरा जरा अधिकच भरदार वाटल्यामुळे मी शंका काढली, तेव्हा विक्रेता म्हणाला, "अंगानं थोर हाय ती, मालक. अंडं बी थोर देईल." फाल्गुनातल्या एका पहाटे ती थोर तलंग खुराड्याच्या आढ्यावर चढून खणखणीत आरवली, आणि त्याच दिवशी रावसाहेबांनी पहिली फिर्याद गुदरली.

येथे वसंत ऋतूविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त ग्रीष्माने प्रारंभ होतो आणि वसंत सहाव्या, म्हणजे अखेरच्या सर्गात येतो, हे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो. परंतु या दोघांना काव्याच्या दोन टोकांना बसवण्याइतकी सवड कवीला कोठून मिळाली, हे आमच्या परसात उभे राहिल्यावर कळेनासे होते. आमच्याकडे वसंत सकाळी सातच्या सुमारास येतो, मोगऱ्याची आणि आंब्याच्या मोहोराची वास्तपुस्त करतो, आणि साडेनऊला ग्रीष्माच्या हाती चार्ज देऊन निघून जातो. दुपारी चारनंतर कधी कधी तिसराच ऋतू वळवाच्या रूपाने येतो व दोघांचेही हुकूम रद्द करतो. कोकिळेला यात काहीच अडचण वाटत नाही, कारण तिने अंडी उबवण्याचे काम कावळ्याकडे सोपवलेले असते. स्वतः अंड्यांच्या भानगडीत पडणाऱ्याला मात्र हे तिन्ही ऋतू एकाच दिवसात निस्तरावे लागतात.

प्रथम प्रश्न आला तो सरहद्दीचा. सौभाग्यवतींनी पूर्वभागात भेंडी, गवार, काकडी आणि मिरची यांचे वाफे केले होते, मोरीच्या पाण्यावर अळू वाढवले होते, आणि कडेला मोगरा राखला होता. बी दुपारी टोकले जाई आणि संध्याकाळी कोंबड्या त्याची फेरतपासणी करीत. कोंबडीचे उकरणे भुकेवर अवलंबून नसते, हे पुस्तकात वाचून पटत नाही, प्रत्यक्ष पाहावे लागते. रानात पाचोळा उकरून जगलेल्या पूर्वजांचा वसा तिच्या पायांत असा काही उतरलेला असतो, की पितळी परातीत तांदळाची कणी घालून पुढे ठेवली तरी ती आधी परातीत उभी राहते, दोनदा मागे पाय झाडते, सर्व कणी अंगणात विखुरते, आणि मग ती शोधून काढल्याच्या समाधानात खाऊ लागते.

"अहो, तुमच्या प्रजेनं माझी गवार उपटली."

"उगवली होती का?"

"उगवणार होती."

या उत्तरापुढे कोणताही बचाव टिकणे शक्य नव्हते. परिणामी तहनामा झाला. त्यातील कलमांनुसार बांबूचे कुंपण आणि त्यावर जाळी माझ्या खर्चाने उभारावयाची होती, कोंबड्यांना सायंकाळी चारनंतर फक्त माझ्या जातीनिशी देखरेखीखाली मोकळीक द्यावयाची होती, आणि मोगऱ्याच्या बुंध्याशी त्यांची वहिवाट कोणत्याही सबबीवर मान्य व्हावयाची नव्हती. शेवटचे कलम पहिल्याच दिवशी मोडले. मोगऱ्याखालची कोरडी, भुसभुशीत माती कोंबड्यांना फार आवडली. त्या तिथे खड्डा करून, पंख पसरून, माती अंगावर उडवीत अर्धोन्मीलित नेत्रांनी पडून राहू लागल्या. भाच्याने सांगितले, की हे धूळस्नान असून त्यामुळे पिसांतील उवा झडतात. सौभाग्यवती म्हणाल्या, "उवा झडू देत की. पण मोगरा का झडतोय?"

खताची कथाही अशीच. समोरच्या घरात राहणारे एक गृहस्थ शेतीविषयक बाबतींत पेठेचे सल्लागार आहेत. त्यांच्या स्वतःच्या घरी एका तुळशीखेरीज काही उगवलेले कोणी पाहिले नाही, परंतु त्यामुळे त्यांच्या मताला एक प्रकारचा तटस्थपणा येतो असे मानले जाते. त्यांनी सांगितले, "खुराड्यातलं खत ताजं ताजंच घालावं. शिळं झालं की जोर जातो." त्याप्रमाणे मिरचीच्या वाफ्यात ते घालण्यात आले, आणि आठवडा संपण्यापूर्वी मिरचीची पाने कडेने करपून, मग पिवळी पडून, शेवटी जमिनीकडे पाहू लागली. कोंबड्यांच्या विष्ठेत नत्र इतके असते, की ती काही महिने कुजवून, थंड करूनच झाडांना द्यावी लागते, हे भाच्याने नंतर कळवले. सल्लागारांना वाफा दाखवला, तेव्हा ते किंचितही न डगमगता म्हणाले, "जोर आहे म्हणालो होतो ना?"

एवढे सर्व होऊनही फाल्गुन आणि चैत्राचा पूर्वार्ध हा आमच्या कारभारातील सुवर्णकाळ होता, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागतो, वाढता प्रकाश कोंबडीच्या डोळ्यांतून आणि मस्तकातून तिच्या ग्रंथींना वर्दी देतो, आणि ती अंड्यावर येते. पहिले अंडे ज्या दिवशी सापडले, त्या दिवशी सौभाग्यवतींनी जमाखर्चाची वही काढून सुतार, जाळी, पत्रे, कणी, शिंपल्यांचा चुरा आणि मानमोडी रोगावरची लस या सर्व रकमा त्या एका अंड्याच्या खाती मांडल्या. बेरीज झाल्यावर ते फोडण्याचा धीर कोणालाच होईना. अखेर आई म्हणाल्या, "देवाला काही ते चालत नाही, नाही तर तिथंच ठेवलं असतं."

मग अंडी रोजच येऊ लागली, आणि घरात खाणारा मी एकटाच असल्यामुळे ती शेजारी वाटण्याची वेळ आली. येथून पुढे मला मनुष्यस्वभावाचे जे दर्शन घडले, ते कोणत्याही सुभाषितसंग्रहात आढळले नव्हते. रावसाहेबांच्या घरी अंडे चालत नाही, ही गोष्ट त्यांनी स्वतःच अनेकदा जाहीर केली होती. मी भीतभीतच चार अंडी भिंतीवर ठेवली. ते बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्याकडे चालत नाही, हे तुम्ही जाणताच. पण नातवाला डॉक्टरांनी सांगितलं आहे." नातू पुण्यास असतो आणि केवळ मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्यास येतो, ही गोष्ट पेठेतील लहान मुलांनाही ठाऊक होती, अंडी मात्र फाल्गुनापासून जाऊ लागली आणि रिकामी टोपली नित्यनेमाने परत येऊ लागली. खुराड्याच्या वासाविषयी ज्या बाईंनी नाकाला पदर लावून मला दोनदा समज दिली होती, त्यांनी केक शिकण्याचा वर्ग लावला. सल्लागारांना सांधेदुखी जडली व तिच्यावर गावरान अंडे हाच उपाय असल्याचे त्यांचे त्यांनाच आढळून आले.

प्रतिवादीविरुद्धचा दावाही आपोआप दाखल दप्तर झाला. दिवस लवकर उजाडू लागल्याने तो वस्तुतः अधिकच आधी आरवू लागला होता, परंतु रावसाहेब म्हणत, "पहाटे उठण्याची सवय लागली, मास्तर. प्रकृतीला उत्तम." त्यांची तक्रार आता निराळ्याच बाबतीत होती. हप्ते वेळेवर वसूल करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना कोंबड्यांची हजेरी पसंत पडेना.

"तांबडीनं परवा आठाला अंडं दिलं, काल नऊला, आज सव्वादहाला, आणि उद्या म्हणे रजा! ही कसली शिस्त?"

भाच्याने खुलासा केला, की एक अंडे तयार होण्यास 24 ते 26 तास लागतात. त्यामुळे वेळ रोज पुढे सरकते आणि मध्ये एक दिवस सुटतो. या तासांपैकी सुमारे 20 तास तर केवळ कवच चढण्यात जातात.

"वीस तास नुसत्या लिफाफ्याला?" रावसाहेब उद्गारले. "आणि लोक आमच्या कचेरीला नावं ठेवीत!"

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाने या सुवर्णकाळाला पहिला तडा गेला. पडवीत गौर झोपाळ्यावर बसली होती, कलिंगडाची कमळे कापून मांडली होती, कैरीची डाळ आणि पन्हे तयार होते, आणि ओटीसाठी भिजवलेल्या हरभऱ्यांचे मोठे पातेले उंबऱ्याशी ठेवले होते. पेठेतील सर्व सुवासिनी जमल्या, आणि आता आधी कुंकू कोणाला लावावे हा प्रश्न उपस्थित झाला. रावसाहेबांच्या काकू वयाने वडील. समोरच्या बाई नात्याने वडील. आणि केकवाल्या बाईंचे यजमान हुद्द्याने वडील.

"तुमचा मान आधी."

"छे, छे, तुम्ही बसा ना पुढं."

"मी कशी बसू? त्या आहेत ना."

प्रत्येकीने दुसरीला पुढे ढकलावे आणि दुसरी खरोखरच पुढे सरकली की चेहरा किंचित पाडावा, असे चालू असता कुंपणाचे दार कोणी तरी उघडे टाकले. थॉर्लिफ श्येल्डेरूप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन विद्वानाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून 1921 साली असे प्रतिपादन केले होते, की कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचावे याचा एक पक्का मानक्रम असतो, व एकदा तो ठरला की त्याबद्दल पुन्हा तंटा होत नाही. त्याचा प्रत्यय त्या सायंकाळी आला. तांबडीने पहिला हक्क बजावला, तिच्यामागून काळी आली, तिच्यामागून ठिपकी, मग बांडी, आणि सर्वांत शेवटी बिचारी चंद्री. कोणी कोणाला आग्रह केला नाही, कोणी रुसले नाही, आणि सुवासिनींचा क्रम निश्चित होण्यापूर्वीच हरभऱ्यांचे पातेले स्वच्छ झाले. प्रतिवादीने बाजूस उभे राहून सर्वांचे होईपर्यंत वाट पाहिली, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. आई तेवढ्या म्हणाल्या, "गौरीला पावलं हो. यंदा पाखरांच्या ओट्या भरल्या." परंतु त्या वर्षी रिकाम्या ओटीने घरी गेलेल्या सुवासिनींना या विचारात फारसे समाधान लाभल्याचे दिसले नाही.

वैशाख लागला आणि महसूल घटू लागला. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. मुळातच तिच्या शरीराचे तापमान 41 अंशांच्या आसपास, त्यात वरून ऊन पडले, की चोच उघडून धापा टाकणे एवढाच उपाय तिच्या हाती उरतो. या धापांबरोबर कर्बवायू अधिक बाहेर जातो, त्यामुळे कवचाला लागणारा चुना जमत नाही, आणि अंडे आले तरी बोटाच्या दाबाने पिचकेल इतके पातळ येते. मी खुराड्यावर गोणपाट भिजवून टाकू लागलो, मातीच्या पसरट भांड्यांत दिवसातून अनेकदा गार पाणी भरू लागलो, आणि एकदा सौभाग्यवतींनी मला माठाशी रंगेहाथ पकडले.

"वाळ्याचं पाणी? कोंबड्यांना?"

"वैशाख आहे."

"मलाही वैशाखच आहे."

त्यात चंद्री खुडूक झाली. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, आणि तीही दहा-पंधरांच्या हप्त्यांनी. प्रत्येक हप्त्यानंतर तिला मातृत्वाचे डोहाळे लागतात व ती अंडी असोत नसोत, एका जागी पिसे फुलवून बसून राहते. तिला उठवण्यासाठी पेठेने एकमुखाने निरनिराळे उपाय सुचवले. कोणी म्हणाले, गार पाण्यात बुडवा. कोणी म्हणाले, उजेडात टांगत्या पिंजऱ्यात ठेवा. सल्लागार म्हणाले, दुर्लक्ष करा. या उपायांची अंमलबजावणी कोणत्या क्रमाने करावी याचा विचार चालू असतानाच चंद्री एके सकाळी नाहीशी झाली. मुंगसाचा संशय आला. रावसाहेब जातीने चौकशीस आले.

"पिसं सापडली?"

"नाही."

"रक्ताचे डाग?"

"नाही."

"मग मुंगसाविरुद्ध गुन्हा शाबीत होत नाही. फरारी लिहा."

अंड्यांची टोपली भिंतीवर जाईनाशी झाली, तसतसे पेठेचे वातावरण पालटू लागले. प्रथम रावसाहेबांनी "आज टपाल नाही वाटतं?" असे हसत विचारले, दुसऱ्यांदा विचारताना ते हसले नाहीत, आणि तिसऱ्या खेपेस त्यांनी खिशातून एक लहानशी वही काढून प्रतिवादीच्या आरवण्याच्या वेळा फाल्गुनापासून आजपर्यंत बिनचूक वाचून दाखवल्या. अंडी जात असतानाही नोंदीत एका दिवसाचा खंड पडलेला नव्हता. माणसाने नजराणा स्वीकारावा पण दप्तर अपुरे ठेवू नये, ही जुन्या अंमलदारांची निष्ठा पाहून मला गहिवरून आले. केकवाल्या बाईंना पुन्हा वास येऊ लागला. सल्लागारांची सांधेदुखी बरी झाली, आणि कोंबड्यांमुळे पेठेत रोगराई पसरते असे ते सांगू लागले.

अशा स्थितीत वळीव आला. दुपारी तीनच्या सुमारास यवतेश्वराच्या बाजूने आभाळ काळवंडले, धुळीचा लोट उठला, आणि पहिल्याच झोताबरोबर खुराड्याचा पत्रा खिळ्यांसकट निघून रावसाहेबांच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांच्या मध्यभागी जाऊन विसावला. मागोमाग गारा. मी आणि सौभाग्यवती छत्र्या घेऊन धावलो, छत्र्या उलटल्या, कोंबड्या हाती लागत नव्हत्या, पण घराचे दार मात्र त्यांना बरोबर सापडले. वारा थांबून दिवा लावला तेव्हा काळी देवघराच्या उंबऱ्यावर, ठिपकी शिवणयंत्रावर, आणि प्रतिवादी माझ्या टेबलावर आपट्यांच्या संस्कृत कोशावर उभा असलेला दिसला. त्याने कोशावर आपला अभिप्राय नोंदवलाही होता. परसात भेंडीचे देठ तेवढे उभे राहिले होते; काकडीचा मांडव मोगऱ्यावर निजला होता; आणि गारांच्या माऱ्यातून सहीसलामत सुटले होते ते फक्त अळू, ज्याची भाजी आमच्या घरात कोणालाच आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी पत्र्याचा पंचनामा झाला. रावसाहेबांनी मला गच्चीवर नेऊन नुकसान दाखवले, आणि परत उतरताना, नुकसानभरपाईचा अर्ज कोणत्या नमुन्यात करावा हे समजावण्यासाठी जुना नमुना काढावयाचा म्हणून अडगळीच्या खोलीचे दार उघडले. तेथे, निवृत्तीनंतरही जपून ठेवलेल्या कागदांच्या लाल रुमालांच्या घडीत, चंद्री बसलेली होती. तिने आमच्याकडे अत्यंत नापसंतीने पाहिले, आणि तिच्या पंखाखालून एक पिवळट, ओलसर डोके बाहेर आले, मग दुसरे, मग तिसरे. अंडी उबण्यास 21 दिवस लागतात. एवढा काळ ती कचेरीच्या कागदांवर बसून होती, भर दुपारी पेठ झोपलेली असताना तेवढी दाणापाण्यास बाहेर पडत होती, आणि रावसाहेबांच्या कोणत्याही नोंदीत तिचा उल्लेख नव्हता.

मी पिल्ले उचलण्यासाठी वाकलो. रावसाहेबांनी माझा हात धरला.

"थांबा, मास्तर. अंडी तुमची असतील. पण जागा आमची, रुमाल आमचे, आणि ऊब घेतली ती आमच्या दप्तराची. एकवीस दिवसांची बिनहरकत वहिवाट आहे. मालकी काय ते पुढं पाहू, तूर्त ताबा माझ्याकडे राहील."

असे म्हणून ज्यांच्या घरी अंडे चालत नाही, त्या गृहस्थांनी स्वतःच्या हातांनी पिल्लांसाठी ज्वारी भरडली, काकूंचा विरोध मोडून काढला, मे महिन्यात आलेल्या नातवाला राखणीस बसवले, आणि भाच्याला बोलावून लसीच्या तारखा वहीच्या नव्या पानावर लिहून घेतल्या. सृष्टिनियमानुसार पिल्लांपैकी निम्मी पुढे कोंबडे निघाली. भाद्रपदापासून पहाटे साडेतीनला आमच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी बांगांची जुगलबंदी चालते, आणि सल्लागारांनी तिच्याविरुद्ध पेठेच्या सह्या गोळा करण्यास प्रारंभ केला आहे. त्यांना रावसाहेबांनी सडेतोड उत्तर दिले, तेव्हा मी हजर होतो. "हे पाहा," ते म्हणाले, "जपानमध्ये 2013 सालीच हे सिद्ध झालं आहे. घड्याळ शरीरात असतं. त्याला मास्तर तरी काय करणार, आणि मी तरी काय करणार?" त्यांचे कोंबडे स्वरात आरवतात, प्रतिवादी मात्र अजूनही ओरडतो, एवढे एक मत त्यांनी कायम ठेवले आहे. माझे याबाबतचे मत नेमके उलट आहे, आणि ते निःपक्षपाती आहे.

तेव्हा परसात कोंबड्या पाळण्याची ज्यांना इच्छा असेल, त्यांनी आधी शेजारी मोजावेत आणि मग कोंबड्या घ्याव्यात. दर शेजाऱ्यामागे एक कोंबडी हे प्रमाण फाल्गुनात पुरते, वैशाखात पुरत नाही; म्हणून चैत्रातच थोडी अंडी हात राखून वाटावीत. आणि ज्यांना कोंबडा हवा असेल, त्यांनी बिनदिक्कत साताऱ्यास यावे. भिंतीच्या कोणत्याही बाजूचा पसंत करावा, मोल द्यावे लागणार नाही. डालगे स्वतःचे आणावे, गाडीभाडे आमच्याकडे मागू नये, आणि एकदा नेलेला कोंबडा कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही, याची नोंद घ्यावी.